बलस्थानांचा शोध : बेळगाव ते स्वतंत्रपूर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या हेडमास्तरांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षे इतिहास शिकवला. वार्षिक निकालाच्या बैठकीत आम्ही शिक्षक एकेका मुलाचे दोष वाचून दाखवीत असू. गणितात कच्चा, शुद्धलेखन वाईट, लक्ष नाही, गैरहजेरी फार. हेडमास्तर सगळे ऐकून घेत, हातातली लेखणी खाली ठेवीत आणि विचारीत, "ते झालं. त्याला येतं काय?" आम्ही गप्प बसत असू. कुणी धीर करून "काही नाही, सर" म्हणालेच, तर ते म्हणत, "मग तुम्ही अजून बघितलं नाही." त्या वेळी हा प्रश्न मला त्रासदायक वाटे. वर्गात साठ मुले, पुढ्यात निकालपत्रकांचा ढीग, आणि या गृहस्थांना प्रत्येकाच्या अंगचा गुण हवा! आज मी जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

हा प्रश्न अलीकडे एका शास्त्राचाच विषय झाला आहे. १९९८ मध्ये मार्टिन सेलिगमन हे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक तक्रार मांडली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मानसशास्त्रापुढे तीन कामे होती : मनाचे आजार बरे करणे, सामान्य माणसाचे जगणे अधिक समाधानाचे करणे आणि अंगच्या गुणांना वाढवणे. युद्धानंतर हजारो सैनिक मनाने मोडून परतले. त्यांच्या उपचारासाठी सरकारी पैसा आला आणि संशोधनही त्याच बाजूला वळले. आजारांची नावे, लक्षणे व उपचार यांवर ग्रंथच्या ग्रंथ तयार झाले. उरलेली दोन कामे मात्र मागे पडली. सेलिगमन यांचे म्हणणे असे की, माणसाचे काय बिघडले आहे हे आपण बारकाईने जाणतो, पण त्याचे काय चांगले चालले आहे हे पाहण्याची साधनेच आपण बनवली नाहीत. पुढे २००४ मध्ये त्यांनी क्रिस्टोफर पीटरसन यांच्यासह सहा सद्गुणांच्या छत्राखाली चोवीस बलस्थानांची वर्गवारी प्रसिद्ध केली. या विचाराला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. हे नाव मात्र त्यांच्याही आधीचे. अब्राहम मॅस्लो यांनी ते १९५४ मध्येच वापरले होते.

(योगायोग असा की त्याच १९९८ साली आपल्या मच्छेत विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली. इंजिनिअर घडवणारे विद्यापीठ आपल्या शेताशेजारी आले. त्याचा संबंध पुढे येईल.)

हा विचार मानसशास्त्राच्या कक्षेत राहिला नाही. व्यवस्थापनात पीटर ड्रकर यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवले होते की माणसाची नेमणूक त्याच्या उणिवा टाळण्यासाठी नव्हे, तर त्याचे बळ कामी आणण्यासाठी करावी. सार्वजनिक आरोग्यातले उदाहरण मला अधिक आवडते. १९९० मध्ये जेरी स्टर्निन हे व्हिएतनाममधील खेड्यांत बालकुपोषणाच्या कामासाठी गेले. पैसा नव्हता आणि मुदत थोडी होती. कुपोषण का आहे याची कारणे सर्वांनाच ठाऊक होती, पण त्या माहितीने एकाही मुलाचे वजन वाढत नव्हते. तेव्हा त्यांनी प्रश्नच उलटा केला : याच गावात, इतक्याच गरिबीत, कोणाची मुले धडधाकट आहेत? तशी घरे सापडली. त्या घरच्या आया भाताच्या खाचरांत मिळणारे बारीक खेकडे व कोळंबी आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालीत होत्या, आणि थोडे थोडे पण अधिक वेळा भरवीत होत्या. उपाय गावातच होता. त्याच्याकडे कुणी पाहिले नव्हते इतकेच.

हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना संस्कृतातले एक सुभाषित आठवले असेल. त्याचा आशय असा की मंत्रात न बसणारे अक्षर नाही, औषधी गुण नसलेले मूळ नाही, आणि निव्वळ निरुपयोगी असा माणूसही नाही. दुर्मीळ असतो तो योजक. आम्ही हे सुभाषित फळ्यावर लिहितो, मुलांकडून पाठ करून घेतो आणि नंतर निकालपत्रक भरायला बसतो. योजक दुर्मीळ का असतो, हे सुभाषितकार सांगत नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्याच प्रश्नात रस आहे. त्यासाठी व्हिएतनामला जावे लागत नाही. बेळगावच्या किर्लोस्कर रोडपर्यंत गेले तरी पुरते.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी रंगभूमीला संगीत नाटक देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एका गावाने नाटक द्यावे आणि नांगरही द्यावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते. लक्ष्मणरावांना शाळेच्या अभ्यासात गोडी नव्हती. हाताला चित्रकला होती, म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही काळाने लक्षात आले की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्याला रंगांधळेपणा! आमच्या निकालपत्रकात त्या मुलाचा शेरा काय पडला असता, हे मी सांगायला नको.

लक्ष्मणरावांनी मात्र रंग सोडला आणि रेषा ठेवली. यंत्रांची रेखाकृती काढताना रंगाची गरज नसते. माप, प्रमाण आणि वस्तू न पाहताही ती आतून कशी असेल हे डोळ्यांसमोर आणण्याची शक्ती लागते. ती त्यांच्याकडे भरपूर होती. ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक झाले आणि तेथील यंत्रशाळेत उभे राहून, पुस्तके वाचून, स्वतःच्या हाताने यंत्रे खोलून ती विद्या शिकले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. इथे त्यांचे बंधू रामुअण्णा होतेच. १८८८ पासून 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने भावांचा सायकलींचा व्यवसाय चालू होता : लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकल पाठवायची, रामुअण्णांनी ती विकायची आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर केला. १९०३ सालच्या या नांगराची कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. लोखंडाने जमिनीत विष उतरेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. येथे नव्या विचाराचे पुरस्कर्ते लगेच म्हणतील : पाहा, चिकाटी हे बलस्थान! असेल. मला त्या दोन वर्षांत दुसरेच काही दिसते. त्या काळात घर कसे चालले? कामगारांचे पगार कोणी दिले? गुणाला फळ येईपर्यंत कुणीतरी खर्च सोसावा लागतो. लक्ष्मणरावांजवळ भाऊ होते, थोडी पत होती. ज्याच्याजवळ हे नसते त्याची चिकाटी पहिल्याच पावसाळ्यात मोडते, आणि आपण म्हणतो, याच्यात चिकाटी नव्हती.

१९१० मध्ये बेळगावच्या वाढत्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. ज्या शहराने पुढे त्यांच्या नावाचा रस्ता केला, त्या शहरात तेव्हा त्यांना जागा मिळाली नाही. बेळगावकर म्हणून ही गोष्ट मला थोडी लागते. मदतीला आले ते औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जागा म्हणजे ३२ एकरांचा उजाड माळ; निवडुंगाने भरलेला आणि नागांनी वसलेला. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे तेथे गेली. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी पुढे आपल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात निवडुंग आणि गुलाब एकत्र आणले, ते उगाच नव्हे.

आता मी माझ्या मूळ विषयाशी आलो. त्या माळावर कोण गेले? शिकलेला इंजिनिअर तिथे कशाला जाईल? लक्ष्मणरावांनी जी माणसे उभी केली त्यांची यादी इतिहासात नोंदलेली आहे. शंभूराव जांभेकर यांनी अभियांत्रिकीचे कोणतेही शिक्षण घेतलेले नव्हते. ते कारखान्याचे इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी शाळेत नापास झालेले. त्यांनी व्यवस्थापन, कायद्याचा सल्ला, खजिना आणि लोकसंपर्क अशी चार माणसांची कामे सांभाळली. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि हिशेबखात्याचे प्रमुख झाले. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्ध्यावर सुटलेले. ते कल्पक यंत्ररचनाकार ठरले. रामुअण्णांनी वसाहत वसवली आणि चालवली. आणि कारखान्याच्या रात्रीच्या पहाऱ्यावर होते दोन माणसे : तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही एके काळचे दरोडेखोर. त्यांच्या नावाने लोक घाबरत.

या यादीकडे पाहताना एक खबरदारी घेतली पाहिजे. लक्ष्मणरावांना माणसातले गुण दिसत, कारण ते थोर होते, असे म्हणून आपण मोकळे होतो. ते थोर होतेच. पण गरज हीसुद्धा एक शिक्षिका असते. मुंबई-पुण्याला कारखाना असता, दारात पदवीधरांची रांग असती, तर शंभूरावांची प्रतिभा त्यांना दिसली असती का? मला खात्री नाही. रांग असली की आपण चाळणी लावतो, आणि चाळणी नेहमी दोषांचीच असते. ती लवकर काम करते. माळावर रांग नव्हती. जो माणूस समोर आहे त्याला काय येते हे पाहिल्याशिवाय दुसऱ्या दिवशीची भट्टी पेटणार नव्हती.

त्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते त्या दोन पहारेकऱ्यांचे. हे उदाहरण बहुधा हृदयपरिवर्तनाची गोष्ट म्हणून सांगितले जाते : दरोडेखोर होते, विश्वास टाकला, माणसे सुधारली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे थांबावे लागते. रामोशी समाजाचे मराठेशाहीतील काम कोणते होते? गावाची राखण आणि किल्ल्यांचा पहारा. पुरंदरच्या परिसरात ही परंपरा मोठी होती. रात्रीची चाहूल, पायांचे माग, आडवाटा, अनोळखी माणसाची चाल ओळखणे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती. कंपनी सरकार आले आणि किल्ल्यांवरच्या शिबंदीला घरी बसवले गेले. त्या असंतोषातून उमाजी नाईक उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे १८७१ मध्ये सरकारने असा कायदा केला की संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवता याव्यात. १९११ च्या सुधारणेने तो देशभर लागू करण्याची सोय झाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

म्हणजे काय झाले? एका समाजाजवळ राखणीची विद्या होती. तिला पगार देणारी व्यवस्था मोडली. विद्या हातात राहिली, काम गेले. मग ज्या डोळ्यांना अंधारात दिसत होते त्या डोळ्यांचीच भीती वाटू लागली. लक्ष्मणरावांनी तुकारामांना नवा स्वभाव दिला असे मला वाटत नाही. त्यांनी त्यांना त्यांच्या आजोबा-पणजोबांचे काम परत दिले, पगारासह. हा अर्थ माझा आहे; लक्ष्मणरावांनी या शब्दांत विचार केला असेल असा माझा दावा नाही. पण एखाद्या माणसाची उणीव म्हणून जे आपण नोंदवतो, ते कित्येकदा वापराविना राहिलेले बळ असते, आणि ते वापराविना का राहिले याचे उत्तर त्या माणसात नसून इतिहासात असते, हे या उदाहरणावरून मला दिसते. चोवीस बलस्थानांच्या प्रश्नावलीत हा रकाना नाही. ही प्रश्नावली माणसाला त्याच्याविषयी विचारते. त्याचे काम कोणी काढून घेतले हे विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. मी मघाशी वाचलेली नावे पुन्हा मनात आणा. शंभूराव, मंगेशराव, अनंतराव, रामुअण्णा. आणि मग तुकाराम रामोशी, पिऱ्या मांग. इतरांना राव आणि अण्णा मिळाले. या दोघांना आडनावाच्या जागी जात मिळाली, आणि एकाला तर पूर्ण नावही मिळाले नाही. कारखान्याच्या किल्ल्या त्यांच्या भरवशावर सोपवल्या गेल्या, पण नोंदवहीतली हाक बदलली नाही. गुण ओळखणे आणि बरोबरीने वागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप होते, असे जे लोक आज व्यवस्थापनाच्या शिबिरांतून सांगतात, त्यांनी ही यादी एकदा वाचावी.

औंध संस्थान लहान, जेमतेम ७२ गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. पण माणसांविषयी धाडस करण्याची सवय तेथे टिकून होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजेसाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये नवी घटना अमलात आली. या कामात युवराज आप्पासाहेब पंत यांच्यासोबत मॉरिस फ्रीडमन नावाचे एक गृहस्थ होते. जन्माने पोलंडचे, पेशाने इंजिनिअर, गांधीजींच्या सहवासात आलेले; भारतानंद या नावानेही ते ओळखले जात. (याच फ्रीडमननी पुढे मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणून १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. एका पोलिश इंजिनिअरने मराठीची केवढी सेवा केली हे आपण विसरून गेलो आहोत.)

फ्रीडमन यांनी राजेसाहेबांपुढे एक विलक्षण कल्पना मांडली. तुरुंगातल्या कैद्यांना कोठडीऐवजी मोकळ्या जमिनीवर ठेवावे, शेती करू द्यावी, बायकामुलांसह राहू द्यावे. १९३९ मध्ये आटपाडीजवळ अशी वसाहत उभी राहिली. तिचे नाव स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला हे नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती, किंवा त्याहून मोठे काहीतरी होते. कैद्यांपैकी पुष्कळ जण मुळात शेतकरीच. बांध, वाटणी, भावकी आणि क्षणाचा राग यांतून हातून गुन्हा घडलेला. तुरुंगात त्या हातांना करण्यासारखे काही नव्हते. स्वतंत्रपूरला त्यांच्यापुढे जमीन आली, आणि जमिनीपुढे काय करायचे हे त्यांना शिकवावे लागले नाही.

औंध संस्थानातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपट उत्तमच आहे, पण त्याने एक गैरसमजही पसरवला. चित्रपटात सगळा भार जेलरच्या दोन डोळ्यांवर आहे. ते डोळे पाहत असतात म्हणून कैदी चांगले वागतात. प्रत्यक्षात १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, राजे गेले, फ्रीडमन गेले, तरी वसाहत राहिली. नुसत्या दोन डोळ्यांवर ती इतकी टिकली नसती. माझ्या मते तिचा आधार होता जमीन, बायकामुले सोबत असणे आणि पिकाचा हंगाम. पेरलेले सोडून पळून कोण जाईल?

याच परिसरातला आणखी एक धागा थोडक्यात सांगतो, कारण आपण शाळेत जमलो आहोत. किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकत हिंडणाऱ्यांत एक उंचापुरा विक्रेता होता, स्वतः मॅट्रिक न झालेला. त्यांचे नाव भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. खेड्यातल्या मुलाजवळ फी नव्हती, इंग्रजी नव्हते, शहरी वळण नव्हते. इतर शाळांनी हे तीन अभाव पाहिले. भाऊरावांनी पाहिले की या मुलाला कुदळ धरता येते, जनावर राखता येते, आठवडाभर उन्हात काम करता येते. त्यावर 'कमवा व शिका' उभे राहिले. ही दृष्टी त्यांना नांगर विकण्याच्या फिरतीत मिळाली, असे पुराव्याने सांगता येणार नाही. पण शेतकऱ्याच्या बांधावर बसून ज्याने वर्षे काढली, त्याला शेतकऱ्याच्या पोराला काय येते हे वेगळे शिकवावे लागले नसणार.

आता मच्छेकडे येतो, आणि माझ्याकडे.

१९८७-८८ मध्ये नववीच्या एका तुकडीचा मी वर्गशिक्षक होतो. त्यात एक मुलगा दुसऱ्यांदा नववीला बसला होता. वडील खानापूर रोडपलीकडे भातशेती करीत. मुलगा मागच्या बाकावर बसून चाकूने खडू कोरीत असे. मी तो चाकू दोनदा जप्त केला. गणितात त्याला दहाच्या वर गुण मिळाले नाहीत. त्याच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले : 'अभ्यासात गती नाही. वर्गात निरुपयोगी चाळे करतो.' हेडमास्तरांनी बैठकीत नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "काही नाही, सर." जूनमध्ये तो मुलगा शाळेत आला नाही. एस.एस.एल.सी.च्या निकालाची टक्केवारी राखली जाणार म्हणून मला बरे वाटले. हे मला आज या व्यासपीठावरून सांगणे भाग आहे.

२०११ मध्ये एका परिचितांबरोबर मी आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत गेलो होतो. भट्टीच्या बाजूला एका लांबट खोलीत लाकडी पॅटर्न बनवण्याचे काम चालते. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी या धंद्यात आहेत. त्यांना नवीन नाही, पण इतरांसाठी सांगतो. जी वस्तू ओतायची तिची आधी लाकडात हुबेहूब आकृती करतात. ती वाळूत दाबून साचा होतो आणि त्या साच्यात वितळलेले लोखंड ओततात. लाकूड कोरणारा माणूस मान वर करून म्हणाला, "सर, ओळखलं न्हाईसा?" मी ओळखले नव्हते.

त्याच्या हातात पंपाच्या एका भागाचा पॅटर्न होता. शेजारी तयार कास्टिंग पडले होते. दोन्ही सारखेच, पण लाकडी आकृती किंचित मोठी. मी कारण विचारले. तो म्हणाला, "लोखंड गार झाल्यावर आटतंय, सर. तेवढं आधीच मोठं धराय पाहिजे." किती? "शंभराला एक. पण जाड पातळ बघून. आतला भाग मागनं गार होतंय, तिथं वेगळं." मग त्याने कडेकडेच्या तिरक्या उतारांकडे बोट दाखवले, तो उतार नसेल तर पॅटर्न वर काढताना वाळू ढासळते. तो बोलत होता ते सगळे शेकडेवारी, गुणोत्तर आणि घनभूमिती होते. हे सर्व तो डोळ्याने आणि अंगठ्याने मोजत होता. खडू कोरणारे बोट तेच होते.

मी माझे सांत्वन करून घेऊ शकलो असतो की, बघा, गुण वाया जात नाही, वाट काढतोच. तसे नाही. त्याने मला सरळ सांगितले की कागदावरचे ड्रॉइंग त्याला पूर्ण वाचता येत नाही. सूपरवायझर वाचतो आणि मग तो लाकूड कापतो. सूपरवायझर डिप्लोमा झालेला, वयाने त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पगार त्याच्या दुप्पट. आता संगणकावर आकृती काढून यंत्राने पॅटर्न कापण्याची पद्धत येत आहे, आणि ती चालवायला ड्रॉइंग वाचणारा माणूस लागतो. तंत्रशास्त्राचे विद्यापीठ त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या दारापर्यंत तो कधी पोचणार नव्हता, कारण मधल्या वाटेवर मी शेरा लिहून ठेवला होता. लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते तेव्हा कुणीतरी रेषा पाहू दिल्या. या मुलाला रेषा दिसत होत्या. मी त्याचा चाकू काढून घेतला.

सकारात्मक मानसशास्त्रावर टीका करणारे म्हणतात की हा सुखवस्तू लोकांचा विचार आहे; गरिबाला त्याचे दैन्य विसरायला लावतो. टीकेत तथ्य आहे. पगार न वाढवता नोकराच्या गुणांचे कौतुक करणारा मालक मी पाहिला आहे. पण स्टर्निन, लक्ष्मणराव, फ्रीडमन, भाऊराव यांच्यापैकी कुणीही कौतुकावर भागवले नाही. भाऊरावांनी मुलांच्या हाती जमीन दिली आणि वसतिगृह दिले. स्वतंत्रपूरला कैद्यांना जमीन आणि कुटुंब मिळाले. लक्ष्मणरावांनी रात्रीचा पूर्ण कारखाना दोन माणसांच्या हवाली केला. माणूस फसला असता तर नुकसान त्यांचे होते. योजक दुर्मीळ का, याचे माझे उत्तर हे आहे. गुण दिसणे तितके दुर्मीळ नसते. त्या गुणावर स्वतःचे काही पणाला लावणारा दुर्मीळ असतो. आम्ही शिक्षक पणाला काय लावणार? फार तर निकालाची टक्केवारी. तीसुद्धा माझ्याकडून झाली नाही.

हेडमास्तर तेव्हा हयात होते. फौंड्रीतून परत येताना मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. ते अंथरुणावर होते, ऐकू कमी येत होते. मी दोनदा सांगितले. ते म्हणाले, "मग आता ड्रॉइंग शिकवा की त्याला." मी इतिहासाचा माणूस, मला ड्रॉइंग कुठले येते? पण शोध घेतला. आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी वसाहतीत डिझाइनचे काम करतो. तो दर रविवारी सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत येऊ लागला. पहिल्या रविवारी तिघे आले होते, त्यात आमचा पॅटर्नवाला. पुढे संख्या वाढली, मध्ये कोरोनाच्या काळात बंद पडले, पुन्हा सुरू झाले. पॅटर्नवाला आज ड्रॉइंग वाचतो. संगणकाच्या यंत्रावर त्याला घेतले नाही. वय झाले, असे कारण सांगण्यात आले. त्याची मुलगी मात्र आपल्या शाळेतून एस.एस.एल.सी. झाली आणि डिप्लोमाला आहे.

येत्या जूनपासून नववीच्या मुलांसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर लाकूडकामाचा वर्ग सुरू करावा, अशी विनंती मी विश्वस्तांना केली आहे. शिकवायला तोच येणार आहे. मानधनाचे विचारले तेव्हा तो म्हणाला, "चाकू तेवढा परत द्या." तो माझ्या कपाटात इतकी वर्षे आहे, गंजला आहे. सभागृहात फौंड्री चालवणारे आमचे माजी विद्यार्थी बसले आहेत. सागवानाचे तुकडे, दहा पटाशा आणि दोन शेगडे यांची गरज आहे. कार्यक्रमानंतर कार्यालयात यादी ठेवली आहे. ती पाहून जावी.